हिमोफिलिया असेल तर हार्ट अटॅक येत नाही का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ५४, वजन ७० किलो, हिमोफिलिया ए, फॅक्टर आठ (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी एक) ३ टक्के, म्हणजे मध्यम तीव्रतेचा आजार. नेहमीच्या तपासणीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आलं आणि बीपी दोनदा १४८/९२ च्या आसपास. फिजिशियननी बीपीची गोळी आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) लिहून दिलं. ओळखीच्या कुणीतरी ‘रोज एक अ‍ॅस्पिरिन घेत जा’ असंही सांगितलं. तुमचं म्हणणं असं की ज्याचं रक्तच नीट गोठत नाही त्याच्या हृदयाच्या नळ्या बंद होतील कशा, आणि मग या गोळ्या कशाला? शिवाय मुलगी वाहक आहे (आजाराचं जनुक तिच्यात आहे), तिला यातून काही संरक्षण मिळतं का, हेही विचारलंय.

गुठळीपासून थोडं संरक्षण आहे, ब्लॉकेजपासून नाही. जे थोडं आहे तेही उपचार सुधारतील तसं कमी होत जातं. म्हणून बीपीकडे लगेच लक्ष द्या, स्टॅटिन हिमोफिलियाच्या नावाखाली टाळू नका आणि अ‍ॅस्पिरिन स्वतःहून अजिबात सुरू करू नका.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर बरंचसं त्यांच्यावर फिरतं. सिगारेट किंवा तंबाखू, शुगर, वडील-भावांपैकी कुणाला कमी वयात हृदयविकार, जुना हेपेटायटिस सी किंवा एचआयव्ही, फॅक्टर नियमित घेता की रक्तस्राव झाल्यावरच, एमिसिझुमॅब (फॅक्टर आठचं काम करणारं इंजेक्शन) चालू आहे का, आणि कधी इन्हिबिटर (दिलेल्या फॅक्टरला निकामी करणारी प्रतिपिंडं) निघाले होते का. हे सगळं तुमच्या डॉक्टरांना माहीत असेल. मी पुढे जे लिहितो ते त्याला लावून वाचा.

घोटाळा होतो तो दोन वेगळ्या प्रक्रिया एकच समजल्यामुळे. तुम्ही ‘पाईपात गाळ साचतो तसं’ असं लिहिलंय. गाळ पाईपाच्या आतल्या पृष्ठभागावर बसतो. धमनीत मात्र चरबी भिंतीच्या आत, अस्तराखाली साठते. एलडीएलचे कण अस्तरातून आत शिरतात, तिथे अडकतात, त्यांच्यात रासायनिक बदल होतो, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि चरबीने फुगून तिथेच राहतात. त्याभोवती तंतूंचं आवरण तयार होतं, पुढे कॅल्शियम बसतं. हे काम दशकानुदशकं चालतं आणि त्यात फॅक्टर आठ किंवा नऊ यांचा हात फारच थोडा आहे. त्याला लागतं ते कोलेस्टेरॉल, दाब, धूर आणि साखर. ही चारही हिमोफिलिया असलेल्या माणसाला इतरांइतकीच मिळू शकतात.

दुसरी प्रक्रिया काही मिनिटांत किंवा तासांत घडते. त्या साठ्यावरचं आवरण फाटतं, आतला मालमसाला रक्ताला लागतो, प्लेटलेट्स (गुठळी सुरू करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी) चिकटतात, थ्रॉम्बिन हे गोठवणारं प्रथिन तयार होतं, फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं बसतं आणि नळी बंद पडते. बहुतेक हार्ट अटॅक असे येतात, आणि तुमच्या कमी फॅक्टरचा उपयोग झालाच तर इथे होतो. पण इथेही संरक्षण अर्धवटच, कारण हिमोफिलियात प्लेटलेट्स धडधाकट असतात आणि धमनीतल्या गुठळीत सुरुवातीचं काम त्यांचंच असतं. जखम झाल्या झाल्या जे थोडं थ्रॉम्बिन बनतं त्याला फॅक्टर आठ लागत नाही. तो लागतो पुढे ते कैक पटींनी वाढवायला. म्हणून गुठळी होण्याची शक्यता कमी, झाली तर ती कच्ची, पण होतच नाही असं नाही. आणि चालताना छातीत दुखणं, म्हणजे अंजायना, यायला गुठळी मुळीच लागत नाही. नळी साठ-सत्तर टक्के अरुंद झाली की पुरे.

आता पुरावा. नेदरलँड्समध्ये १९७३ ते १९८६ या काळात हिमोफिलियाच्या रुग्णांचे मृत्यू मोजले गेले, तेव्हा हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या आजाराने झालेले मृत्यू त्याच वयाच्या इतर पुरुषांपेक्षा सुमारे ८० टक्के कमी निघाले. लोक हाच आकडा सांगत फिरतात. पण तो अपेक्षित पाचेक मृत्यूंच्या जागी एक, इतक्या छोट्या संख्येवर उभा आहे. पुढे ब्रिटनमधल्या एचआयव्ही नसलेल्या रुग्णांची मोठी पाहणी २००७ मध्ये आली, त्यात हेच प्रमाण अपेक्षेच्या ६२ टक्के होतं. फायदा आहे, पण ८० टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आला. माझ्या मते यात संख्येचा खेळ आहे तसाच उपचारांचाही परिणाम आहे.

हे झालं मृत्यूंचं. नळ्यांच्या आत काय चाललंय ते पाहिलं तर चित्र बदलतं. २००१ मध्ये हिमोफिलिया आणि व्हॉन विलेब्रँड आजार (रक्तस्रावाचा दुसरा जन्मजात आजार) असलेल्या लोकांच्या मानेतल्या आणि मांडीतल्या धमन्यांच्या भिंतीची जाडी सोनोग्राफीने मोजली आणि ती निरोगी लोकांच्या शेजारी ठेवली. लक्षणीय फरक निघाला नाही. हृदयाच्या धमन्यांतल्या कॅल्शियमचं सीटी स्कॅनने मोजमाप झालं, त्यातही हिमोफिलिया असलेल्या पुरुषांना सूट मिळालेली दिसली नाही. वजन जास्त असलेल्या हिमोफिलिया रुग्णांच्या धमन्या तर तशाच लठ्ठ इतर माणसांसारख्या निघाल्या. दोन्ही बाजू जोडल्या की वर म्हटलं तेच उरतं: साठा इतरांइतकाच, शेवटची गुठळी थोडी कमी.

व्हॉन विलेब्रँड आजारावर स्वतंत्र लिहायला हवं, कारण या सगळ्या चर्चेचं मूळ तिथे आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत हा आजार जन्मजात तीव्र असलेल्या डुकरांवरचं काम प्रसिद्ध झालं. नेहमीच्या डुकरांच्या महाधमनीत साठे झाले, यांच्यात फारच कमी. तेव्हा वाटलं होतं की रक्तस्रावाचा आजार हेच धमनीकाठिण्यावरचं उत्तर. नंतर अशाच डुकरांना भरपूर चरबीचा आहार देऊन पाहिलं, तर साठे झालेच. मात्र अरुंद झालेल्या नळीत ती बंद करणारी गुठळी त्यांच्यात सहज होत नव्हती. उंदरांवरच्या प्रयोगांत निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. माणसांबद्दल नेदरलँड्समधली २०१३ ची पाहणी अशी सांगते की या रुग्णांत हार्ट अटॅक आणि पक्षाघात धरून धमनीतल्या गुठळ्यांचं प्रमाण तुलनेच्या दोन गटांपेक्षा ३९ आणि ६३ टक्क्यांनी कमी होतं. हे पटण्यासारखं आहे. अरुंद नळीत रक्त प्रचंड वेगाने धावतं, आणि त्या वेगात प्लेटलेटला पकडून भिंतीशी बांधणारं प्रथिन म्हणजे हेच व्हॉन विलेब्रँड फॅक्टर. तेच कमी असेल तर अरुंद जागी गुठळीला पाय रोवता येत नाही.

पण या आजाराच्या टाइप १ वाल्यांनी (ज्यांच्यात हा फॅक्टर असतो, पण कमी) एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हा फॅक्टर वयानुसार वाढतो. पंचविशीत ३५ टक्के असलेली पातळी साठीत सर्वसाधारण हद्दीत आलेली असू शकते. कागदावर जुनं निदान, अंगात आता पुरेसा फॅक्टर. अशा माणसाने ‘मला गुठळीचा धोका नाही’ म्हणणं चूक, आणि डॉक्टरांनी जुन्या निदानाकडे बघून त्याला गरजेची गोळी नाकारणंही चूक. पन्नाशीनंतर पातळी पुन्हा तपासून घ्यावी.

इतर दुर्मीळ आजारांबद्दल दोनच वाक्यं. ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनियात प्लेटलेट्स एकमेकींना धरूच शकत नाहीत, तरी २००२ च्या एका छोट्या अभ्यासात अशा रुग्णांच्या मानेच्या धमन्यांत साठे सापडले. फॅक्टर अकराच्या तीव्र कमतरतेत मेंदूतल्या गुठळीचा पक्षाघात कमी दिसतो, हार्ट अटॅक मात्र कमी दिसत नाहीत.

मग उपचाराने हे संरक्षण कमी होतं म्हणजे काय? पूर्वी नियमित फॅक्टर घेणाऱ्याची सर्वांत खालची पातळी (पुढच्या डोसाआधीची) १ टक्क्याच्या वर राहिली की समाधान मानायचे. आता ३ ते ५ टक्के किंवा त्याहून जास्त धरतात. एमिसिझुमॅबवरचा माणूस ढोबळमानाने सौम्य हिमोफिलियासारखा वागतो. जीन थेरपीनंतर काहींची पातळी त्याच्याही वर जाते. सांधे वाचतात, मेंदूतले रक्तस्राव टळतात, आयुष्य वाढतं. पण गुठळीपुरती जी नैसर्गिक अडचण होती ती तितकीच सैल होते. हा प्रोफिलॅक्सिस, म्हणजे रक्तस्राव टाळायला नियमित घ्यायचे उपचार, टाळण्याचा मुद्दा नाही. सत्तरीपर्यंत जगायचं असेल तर सत्तरीच्या माणसाचे बाकीचे आजारही सांभाळायला हवेत, इतकंच.

आता तुमचे आकडे. मी पहिला क्रम बीपीला देतो, कोलेस्टेरॉलला नाही. हिमोफिलियात उच्च रक्तदाब सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी नसतो, अनेक पाहण्यांत तो जास्तच सापडलाय. कारण अजून नक्की ठाऊक नाही, संशय यांच्यावर: लघवीतून वारंवार रक्त जाऊन मूत्रपिंडाला बसलेला मार, सांध्यांमुळे घटलेली हालचाल, वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. आणि तुमच्यासाठी वाढलेला दाब दोन्हीकडून घातक आहे. इतरांना तो ब्लॉकेज देतो, तुम्हाला ब्लॉकेज देतोच, शिवाय मेंदूत रक्तस्राव झाला तर तो थांबवायला लागणारा फॅक्टर तुमच्यात ३ टक्केच आहे.

दवाखान्यातल्या दोन आकड्यांवर थांबू नका. घरी सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं शांत बसल्यावर दोन-दोन वेळा मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. १३५/८५ किंवा जास्त आली तर निदान पक्कं. ज्या कोपरात वारंवार रक्तस्राव होऊन हात सरळ होत नाही तो हात टाळा, दुसऱ्यावर मोजा. ध्येय १३०/८० च्या खाली. औषधं इतरांचीच चालतात, हिमोफिलियामुळे कुठलं वर्ज्य नाही. एक मात्र आधीच माहीत असू द्या: अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते. हिमोफिलिया असलेला माणूस सुजलेला घोटा पाहून फॅक्टर घेतो आणि तरी सूज उतरत नाही. गोळीची सूज बहुधा दोन्ही पायांना, संध्याकाळी वाढणारी, दाबल्यावर खड्डा पडणारी असते आणि सांधा हलवताना दुखत नाही. रक्तस्रावाची एका सांध्यात, गरम, ताठर आणि दुखरी असते.

स्टॅटिनचा निर्णय. पुढच्या दहा वर्षांचा हृदयविकाराचा धोका काढायची जी कोष्टकं डॉक्टर वापरतात त्यांत हिमोफिलियाचा रकाना नाही. आमची पद्धत सरळ आहे: हिमोफिलिया नाहीच असं धरून धोका काढायचा आणि येईल त्यानुसार उपचार करायचे. त्यातून सवलत वजा करायची नाही, कारण सवलत साठ्यावर नाही. धोका मधल्या पट्टीत आला आणि मन होत नसेल तर कॅल्शियम स्कोअर करून घ्या. साधा सीटी स्कॅन असतो, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. स्कोअर शून्य आला, शुगर नाही, धूम्रपान नाही, घराण्यात कमी वयातला हृदयविकार नाही, तर स्टॅटिन काही वर्षं लांबवता येतं. स्कोअर १०० च्या वर असेल तर वाद संपला. नेहमीच्या डोसात स्टॅटिनने रक्तस्राव वाढेल ही भीती बाळगू नका.

खरी अडचण येते ती स्नायूंच्या दुखण्यात. स्टॅटिनने होणारं दुखणं बहुधा दोन्ही मांड्यांत किंवा दोन्ही खांद्यांत सारखं असतं आणि काही दिवसांत-आठवड्यांत हळूहळू वाढतं. स्नायूतला रक्तस्राव एका बाजूला, काही तासांत वाढणारा. त्यातही कमरेच्या आतल्या इलिओसोआस स्नायूतला फसवा: जांघेत दुखतं, पाय सरळ करता येत नाही, गुडघा वर घेऊन झोपलं की बरं वाटतं, मांडीच्या पुढच्या भागात बधिरपणा येतो. सीपीके ही रक्ततपासणी दोन्हींत वाढू शकते, त्यामुळे तिच्यावरून निवाडा करू नये. सोनोग्राफी करा. शंका असेल तर आधी फॅक्टर घ्या, मग तपासणी, स्टॅटिनचा विचार त्यानंतर. एचआयव्हीच्या औषधांत रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट असेल तर सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन चालत नाहीत, इतर पर्याय आहेत. बरा झालेला हेपेटायटिस सी स्टॅटिनच्या आड येत नाही. यकृत निकामी होत चाललेलं असेल तर गोष्ट वेगळी.

अ‍ॅस्पिरिन: हृदयविकार झालेलाच नाही अशा निरोगी माणसालाही ती आता सरसकट देत नाहीत. २०१८ मध्ये आलेल्या तीन मोठ्या चाचण्यांनंतर हे बऱ्यापैकी पक्कं झालं: थोडा फायदा, आणि तो रक्तस्राव खाऊन टाकतो. तुमच्यात तर प्लेटलेट्स हाच शिल्लक आधार आहे, त्याला विनाकारण लंगडं करू नका. लसणाच्या आणि जिंकोच्या कॅप्सूल, मोठ्या डोसात माशाचं तेल, हेही त्याच खात्यात.

वेदनाशामकांबद्दल एक सावधगिरी, कारण हे बहुतेक जण सांगतच नाहीत. सांधेदुखीसाठी हिमोफिलियात सेलेकॉक्सिबसारख्या गोळ्या पसंत करतात, त्या प्लेटलेट्सना फारसं छेडत नाहीत म्हणून. पण याच गटातली रोफेकॉक्सिब २००४ मध्ये हार्ट अटॅक आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे बाजारातून गेली. बीपी वाढवणं हा तर या सगळ्या गोळ्यांचा नेहमीचा गुण. तुमच्या वयाला आणि आकड्यांना रोजची सेलेकॉक्सिब हा उपाय नाही. लागलीच तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, आणि त्या काळात बीपी मोजत राहणं.

समजा पुढे कधी ब्लॉकेज निघालंच, तर हिमोफिलिया आहे म्हणून अँजिओप्लास्टी होत नाही असं कुणी म्हणालं तर मानू नका. होते, पण हिशेब आधी करून ठेवावा लागतो. ढोबळ नियम: किलोमागे १ युनिट फॅक्टर आठ दिला की पातळी २ टक्क्यांनी वाढते, फॅक्टर नऊ दिला की साधारण १ टक्क्याने. प्रक्रियेच्या वेळी ८० टक्क्यांच्या आसपास न्यायचं असेल तर तुमच्यासाठी ७७ गुणिले ७० भागिले २, म्हणजे सुमारे २,७०० युनिट. त्याहून वर, १५० टक्क्यांवर नेऊन ठेवू नये. अरुंद नळीत नवा स्टेंट बसलाय आणि फॅक्टर उतू जातोय, ही परिस्थिती आपण स्वतः गुठळीला दिलेलं आमंत्रण ठरते. हेमॅटॉलॉजिस्ट आणि कार्डिऑलॉजिस्ट यांचं फोनवर बोलणं झाल्याशिवाय हा आकडा ठरू नये.

अँजिओप्लास्टीसाठी आत सरकवतात ती बारीक नळी (कॅथेटर) मांडीतून नको, मनगटातून घालायला सांगा. मांडीतली धमनी खोल असते, रक्त पोटामागे साठत गेलं तर कळायला उशीर होतो. मनगटावर हवेचा पट्टा बांधतात आणि रक्त आलं की लगेच दिसतं. हा पट्टा इतर रुग्णांत दोनेक तासांनी सैल करायला घेतात. हिमोफिलियात घाई करू नये, थोडी थोडी हवा काढत जावं, आणि पट्टा निघाला म्हणून पुढचा फॅक्टर चुकवू नये. फॅक्टर आठचं अर्धआयुष्य ८ ते १२ तास. दुपारचे ८० टक्के पहाटेपर्यंत ४० च्या खाली आलेले असतात, आणि ‘रात्री ठीक होतं, सकाळी हात सुजला’ ही तक्रार तिथूनच येते. प्रक्रियेनंतर निदान ४८ तास पातळी पुरेशी ठेवावी.

खरा खर्चिक आणि चुकीला जागा असलेला भाग पुढचा, स्टेंटनंतरच्या गोळ्यांचा. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (प्लेटलेट्सना रोखणारी दुसरी गोळी) दोन्ही चालू असतील तोवर सर्वांत खालची पातळी २० टक्क्यांच्या वर हवी, जुन्या शिफारशींत ती ३० होती. एकच गोळी उरली की १ ते ५ टक्के पुरतात. म्हणजे तुमचे स्वतःचे ३ टक्के एका गोळीपुरते कदाचित चालून जातील, दोन गोळ्यांना नाही. आता गणित पाहा. अर्धआयुष्य १२ तास धरलं तर २० टक्क्यांचा तळ टिकवायला दिवसातून एकदा किलोमागे ३० युनिट लागतात, तुम्हाला २,१००. तेच दर १२ तासांनी विभागलं तर प्रत्येक वेळी किलोमागे १० म्हणजे ७०० युनिट पुरतात, दिवसाचे १,४००. महिन्याचा फरक २१,००० युनिटांचा. दोनदा टोचून घेण्याचा त्रास आहे, पण फॅक्टर मोजून मिळत असेल तिथे हा फरक निर्णायक ठरतो. जास्त टिकणारे फॅक्टर मिळत असतील तर गणित आणखी सोपं. एफानेसॉक्टोकॉग अल्फाचं अर्धआयुष्य ४० तासांच्या वर आहे.

म्हणून स्टेंट निवडतानाच विचार करायचा की दोन गोळ्या किती दिवस लागतील. जन्मजात रक्तस्रावाचा आजार हा जास्त धोक्याच्या गटात मोडतो, आणि त्या गटात औषधी स्टेंटनंतर दोन गोळ्यांचा काळ १ ते ३ महिन्यांवर आणता येतो. इतरांना हार्ट अटॅकनंतर बारा महिने सांगतात, ती चिठ्ठी तुमच्यासाठी जशीच्या तशी लिहिली जाऊ नये. प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉरपेक्षा क्लोपिडोग्रेल बरी. सोबत जठराच्या संरक्षणाची गोळी, तीही पँटोप्राझोल. ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचं काम अडवते. आणि रोज फॅक्टर घेण्याचा हा काळ संपला की चार आठवड्यांच्या आत इन्हिबिटरची तपासणी करा. मध्यम आणि सौम्य हिमोफिलिया ए मध्ये इन्हिबिटर येतात ते बहुधा अशाच एकदम दिलेल्या भरपूर फॅक्टरनंतर, आणि ‘मला एवढ्या वर्षांत कधी आले नाहीत’ या भरवशावर ते महिनोन्‌महिने लक्षात येत नाहीत.

एमिसिझुमॅब चालू असेल तर दोन गोष्टी दवाखान्याला ठासून सांगा. पहिली, एपीटीटी ही रक्त गोठण्याची तपासणी खोटी नॉर्मल किंवा कमी येते. त्यावरून ‘गोठणं व्यवस्थित आहे’ समजू नये आणि हेपरिनचा (रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनचा) डोसही ठरवू नये, त्यासाठी अँटी-टेन-ए तपासणी वापरावी. फॅक्टर आठ मोजायचा तर गाईच्या प्रथिनांवरची क्रोमोजेनिक तपासणी लागते. दुसरी, इन्हिबिटरवाल्यांना देतात ते एपीसीसी हे औषध एमिसिझुमॅबसोबत दिवसाला किलोमागे १०० युनिटांच्या वर एक दिवस किंवा जास्त दिल्यावर गुठळ्या आणि बारीक रक्तवाहिन्या बंद पडण्याचे प्रकार झालेत. एमिसिझुमॅब बंद केलं तरी त्याचं अर्धआयुष्य सुमारे चार आठवडे, म्हणजे ही काळजी पुढे काही महिने घ्यायची.

सौम्य हिमोफिलिया आणि व्हॉन विलेब्रँडवाल्यांना दात काढताना वगैरे डेस्मोप्रेसिन देतात. हृदयाचा आजार माहीत असेल, किंवा वय आणि बीपी-शुगर पाहता तो असण्याची दाट शक्यता असेल, तर ते टाळून फॅक्टर द्यावा. ते साठवलेला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर एकदम बाहेर सोडतं, दाब आणि नाडी हलवतं, आणि त्यानंतर हार्ट अटॅक आल्याच्या नोंदी आहेत.

छातीत दुखलं तर काय करायचं, हे आजच लिहून घ्या. निदान, मूळ पातळी, इन्हिबिटर आहेत की नाहीत, चालू उपचार, हेमॅटॉलॉजिस्टचा फोन, आणि ८० टक्क्यांसाठी लागणारे युनिट, एवढं एका कागदावर पाकिटात ठेवा. जबडा, डावा हात, घाम, धाप अशी लक्षणं दहा मिनिटांत ओसरली नाहीत तर रुग्णवाहिका बोलवा आणि घरातला फॅक्टर सोबत न्या. तो घरीच घेऊन मग निघायचं का, अ‍ॅस्पिरिन चघळायची का, हे आपल्या हिमोफिलिया केंद्राशी आधीच ठरवून त्याच कागदावर लिहा. दुखत असताना ठरवायचा तो विषय नाही. दवाखान्यात ईसीजी आणि ट्रोपोनिन नेहमीसारखंच होईल. स्नायूत इंजेक्शन घेऊ नका. नळी पूर्ण बंद झाल्याचा अटॅक असेल तर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनपेक्षा अँजिओप्लास्टी करून घ्यावी, आणि फॅक्टर येईपर्यंत ती तासन्‌तास अडवून धरू नये. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

राहता राहिली मुलगी. हिमोफिलिया असलेल्या पुरुषाची मुलगी वाहक असतेच, त्याला वेगळी तपासणी लागत नाही. नेदरलँड्समध्ये २००३ मध्ये वाहक स्त्रियांच्या मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात हृदयाच्या आजाराने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होते. फॅक्टर थोडा कमी असला तरी काही फायदा होतो, असा त्याचा अर्थ लागतो. पण तिच्या बीपी-शुगरच्या गणितात यामुळे काही बदलायचं नाही. तिच्यासाठी त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे तिची स्वतःची पातळी. वाहकांत ती १०० टक्क्यांपासून अगदी १० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, आणि ४० च्या खाली असेल तर तिलाही सौम्य हिमोफिलियाच म्हणतात. पाळीत जास्त रक्त जात असेल, एखादी शस्त्रक्रिया ठरत असेल किंवा बाळाचा विचार चालू असेल, तर त्याआधीच फॅक्टर आठ मोजून घ्या. गरोदरपणात तो तात्पुरता वाढतो, तेव्हा केलेली तपासणी तिची खरी पातळी दाखवत नाही.